शेजारी ‘मायदेशी’ गेले, पुढे काय झाले?

अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे, मुरूड या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना ‘शनवार तेली’ म्हणजे कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. तेलाचा घाणा चालवणारे काही लोक सोमवारी बैल जुंपत नसत, तर काही शनिवारी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कुरआन शरीफमध्ये ज्यांचा उल्लेख ‘बनी इस्राईल’ असा वारंवार येतो, त्याच नावाचा हा हिब्रू उच्चार आहे. इस्राईल हे हजरत याकूब (अ.) यांचे नाव. ‘बेने इस्राएल’ म्हणजे त्यांची लेकरे.

त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला दफन केले आणि वाचलेले तिथेच राहिले. पुढे गावोगाव पसरले आणि गावांचीच आडनावे झाली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, चेऊलकर. घरात मराठी, अंगावर लुगडे, जेवणात भात, मासळी, नारळाचा रस. हिंदी चित्रपटांतले हसतमुख अभिनेते डेव्हिड अनेकांना आठवत असतील. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले.

आपल्या आणि त्यांच्या घरांत शब्दांची देवाणघेवाणही मोठी होती. धार्मिक कामे पाहणाऱ्याला ते ‘काझी’ म्हणत. प्रार्थनागृहाला कोकणात सर्रास ‘मशीद’ म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनागृह सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे त्या भागात सांगितले जाते. नवस फेडताना पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा ते ‘मलिदा’ करतात. हा शब्द तर आपल्या दर्ग्यांवरही रोज कानावर पडतो. मुलांची सुन्नत, डुकराचे मांस वर्ज्य, जनावर कापण्याचे नियम, एकच ईश्वर: शेजाऱ्याला शेजारी समजायला एवढे पुरेसे होते.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांतले बहुतेक निघून गेले. कुठे गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे उतरल्यावर त्यांचे काय झाले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. घर सोडून दूर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी ती हकिगत आहे.

का गेले?

पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यांना कोणी हाकलले नाही. कोकणात हिंदू किंवा मुस्लिम शेजाऱ्यांनी आपला छळ केल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही, आणि हे ते स्वतः अभिमानाने सांगतात.

जाण्याची कारणे मिश्र होती. शतकानुशतके प्रार्थनेत जेरुसलेमचे नाव घेणाऱ्याला तिथे जाता येईल म्हटल्यावर ओढ वाटणारच. दुसरे कारण पोटाचे. इंग्रजांच्या काळात या समाजातले अनेक जण रेल्वे, टपाल, कस्टम, पोलीस आणि लष्करात नोकरीला लागले होते. इंग्रज गेल्यावर पुढे काय, ही चिंता होती. तिसरे कारण कोणत्याही गावाला कळेल असे आहे: थोरला गेला म्हणून धाकटा गेला, मुले गेली म्हणून आई-वडील गेले. समाज लहान, लग्ने समाजातच करायची. निम्मा समाज गेल्यावर उरलेल्यांना मुलामुलींची स्थळे कुठे मिळणार?

मे १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाली आणि ५ जुलै १९५० रोजी तिथल्या संसदेने ‘परतीचा कायदा’ केला. जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क या कायद्याने मिळाला. येण्याच्या या क्रियेला हिब्रूत ‘अलिया’ म्हणतात, म्हणजे वर चढणे. आपल्या कानाला ‘आला’ हा शब्द आठवावा.

तंबू, रेशन आणि कुदळ

१९४८ मध्ये तिथे साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. १९५१ संपेपर्यंत जवळजवळ तितकेच नवे लोक येऊन दाखल झाले. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले, इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास, यमनमधून पन्नास हजारांच्या जवळपास. घरे नव्हती. नव्या लोकांना ‘मआबारा’ नावाच्या तात्पुरत्या छावण्यांत ठेवले गेले. कापडी तंबू किंवा पत्र्याच्या खोल्या, सामायिक नळ, सामायिक संडास. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि हिवाळ्याच्या पावसात तंबूत पाणी शिरायचे. अन्नधान्य रेशनवर होते.

आपल्या कोकणी मंडळींपैकी अनेकांना दक्षिणेकडे, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बीरशेबाकडे पाठवले गेले. पुढे दिमोना, येरुहाम, अशदोद, लोद, रामला इथेही ती वसली. समुद्राच्या वाऱ्यात, माडांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला बीरशेबाची धूळ आणि रात्रीची थंडी कशी वाटली असेल? ताजी मासळी नाही, नारळ नाही, कोकम नाही. कोकणातल्या बाईने भाकरी थापायची म्हटली तर पीठ कुठून आणायचे?

कामाचा प्रश्न याहून कठीण होता. मुंबईत ज्याने कचेरीत इंग्रजीतून पत्रे लिहिली, त्याचे इंग्रजी छावणीत फारसे कामाला येईना. हिब्रू येत नाही म्हणजे कारकुनी नाही. मग रस्त्याची खडी, झाडे लावण्याचे खड्डे, पुढे कापडाच्या गिरण्या आणि कारखाने. इज्जतीची नोकरी करून आलेल्या माणसाच्या हातात चाळिशीत कुदळ आली.

त्यावर भेदभावाची बोच होती. काम देताना, घर देताना, अगदी पावाचे वाटप करतानाही युरोपातून आलेल्यांना झुकते माप मिळते आणि आम्हाला रंगावरून मागे ठेवले जाते, अशी भारतीय ज्यूंची तक्रार होती. १९५१ पासून त्यांनी धरणी धरली. मागणी एकच होती: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ ते १९५४ या काळात ज्यू एजन्सीने तीनशेहून अधिक जणांना खरोखरच परत पाठवले. पण इकडे आल्यावर घर मोडलेले, नोकरी गेलेली, भाऊबंद तिकडे. त्यांतले बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्राएलला गेले. एकदा चूल हलली की परतीची वाटही पूर्वीसारखी राहत नाही.

भाषा: लेकरे पुढे, आई-वडील मागे

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि उर्दू-अरबीप्रमाणे त्यात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. अरबीशी तिचे नाते सख्ख्या बहिणीचे: सलामला शालोम, यौमला योम, बैतला बाइत. अरबी हरफ गिरवलेल्या मुलाला ती त्या मानाने सोपी जाईल. पण देवनागरीत वाढलेल्या चाळिशीच्या माणसाला अक्षर ओळखण्यापासून सुरुवात करावी लागली. प्रार्थनेतली हिब्रू पाठ होती, पण तिच्यात वाण्याशी हिशोब कसा करणार?

यासाठी १९४९ पासून ‘उलपान’ नावाच्या भाषाशाळा सुरू झाल्या. आजही नव्याने येणाऱ्याला तिथे सुमारे पाच महिने, पाचशे तासांचे शिक्षण मोफत मिळते. पण ज्याला रोज मजुरीवर जायचे त्याने वर्ग कधी गाठायचा? आणि चार मुले सांभाळणाऱ्या आईने?

परिणाम घराघरांत सारखाच झाला. मुले शाळेत सहा महिन्यांत हिब्रू बोलू लागली. दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत आई-वडिलांचे दुभाषी म्हणून दहा वर्षांचे पोर उभे राहू लागले. घरातला वडीलधारा माणूस मुलाच्या तोंडाकडे पाहू लागला, की घराची घडी बदलते. आणखी काही वर्षांनी आजी मराठीत बोलते आणि नातू हिब्रूत उत्तर देतो, असे चित्र दिसू लागले.

‘तुमच्या आजीची आजी कोण होती?’

सगळ्यांत खोल जखम मात्र वेगळीच होती. इस्राएलमध्ये ज्यूंचे लग्न-तलाक धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बींच्या हाती आहे. तिथे नोंदणी पद्धतीचे लग्न लावण्याची सोयच नाही. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने असे निर्देश काढले की बेने इस्राएल समाजातल्या कोणाला बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचे असेल तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ते सगळे ज्यूच होते का? कोणी तलाकनंतर धर्मनियम न पाळता दुसरे लग्न केले होते का?

विचार करा. ज्या माणसांनी शेकडो वर्षे, रब्बी नसताना, ग्रंथ नसताना, नुसत्या आठवणीवर शनिवार पाळला, सुन्नत पाळली, त्यांना आपल्याच लोकांनी विचारले की तुम्ही खरे ज्यू कशावरून? रेवदंड्याच्या खेड्यातल्या पणजीच्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? परतीच्या कायद्याने नागरिक केले होते, पण लग्नाच्या दारात उभे राहिल्यावर ओळखच नाकारली गेली.

समाज पेटून उठला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणी आणि निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठालाही ते निर्देश मागे घ्यावे लागले. पण ज्यांची लग्ने त्या दोन वर्षांत अडली त्यांच्या मनातला काटा एका ठरावाने निघाला नसणार.

हे केवळ आपल्या कोकणी शेजाऱ्यांच्या वाट्याला आले असे नाही. इथियोपियातून आलेल्या ज्यूंनाही असेच वंशाच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. मे १९९१ मध्ये दीड दिवसात चौदा हजारांवर इथियोपियन ज्यूंना विमानांनी आणले गेले. त्या मोहिमेचे जगभर कौतुक झाले. पण पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, उघडकीस आले की त्यांनी दिलेले रक्त रोगाच्या भीतीने गुपचूप फेकून दिले जात होते. १९८९ नंतर जुन्या सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या आसपास लोक आले. त्यांत डॉक्टर आणि इंजिनियर इतके की अनेकांना झाडूकाम किंवा पहारेकऱ्याचे काम करावे लागले. शिवाय १९७० च्या दुरुस्तीनुसार आजा किंवा आजी ज्यू असली तरी प्रवेश मिळतो, पण धर्मपीठ आईकडूनच वंश मोजते. त्यामुळे लाखो माणसे नागरिक आहेत, लष्करात जातात, आणि तरीही आपल्याच देशात लग्न करू शकत नाहीत. लग्नासाठी त्यांना परदेशी जावे लागते.

आज जाणाऱ्यापुढे काय असते?

आज तंबू नाहीत. ज्यू एजन्सी कागद तपासते आणि एका बाजूचे विमानतिकीट देते. उतरल्यावर ओळखपत्र मिळते, आरोग्यविम्यासाठी चारपैकी एक संस्था निवडायची असते, आणि ‘साल क्लिता’ म्हणजे स्थिरावण्यासाठीचे अनुदान सुरुवातीचे काही महिने मिळते. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात अडचणी अशा येतात:

कागदपत्रे: स्वतःचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला, प्रार्थनागृहाचे पत्र, पोलिसांचा दाखला. एका कागदावर ‘अब्राहम’, दुसऱ्यावर ‘अब्राम’ असले की गाडी अडली. आखातात गेलेल्या आपल्या घरांना ‘शेख’ आणि ‘शैख’ यांतला हा त्रास नव्याने सांगायला नको.

घर: भाडी मोठी, घरमालक जामीन मागतो. नव्या माणसाला जामीन कोण राहणार?

पदवी: डॉक्टर, परिचारिका, वकील यांना तिथला परवाना नव्याने घ्यावा लागतो. तोवर मिळेल ते काम.

आठवडा: रविवार हा कामाचा पहिला दिवस. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बहुतेक शहरांत बसही बंद असतात.

लष्कर: मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की सक्तीची सेवा. मुलांना अडीच वर्षांहून अधिक, मुलींना सुमारे दोन वर्षे. नव्याने आलेल्यांना वयानुसार सवलत असते आणि धार्मिक कारणाने काही मुलींना सूट मिळते. ही सेवा कवायतीपुरती नसते. १९६७ पासून ताब्यात असलेल्या वेस्ट बँकच्या नाक्यांवर, पॅलेस्टिनी म्हाताऱ्याचे कागद तपासत ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरेच उभी असतात.

ती घरे कोणाची होती?

ही हकिगत इथेच संपवली तर ती अर्धी राहील. आपले कोकणी शेजारी ज्या गावांत वसले त्या गावांची नावे पुन्हा एकदा वाचा. लोद म्हणजे लुद्द, रामला म्हणजे अर-रमला. जुलै १९४८ मध्ये या दोन गावांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी माणसांना भर उन्हात घालवून देण्यात आले. बीरशेबा म्हणजे बीर अस-सबा. ऑक्टोबर १९४८ पर्यंत तेही अरबांचे गाव होते. एकूण सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी त्या युद्धात बेघर झाले. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव केला की शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावे. तो आजतागायत अमलात आलेला नाही.

१९५० या एकाच वर्षात दोन कायदे झाले. एकाने जगभरातल्या ज्यूंना परतीचा हक्क दिला. दुसऱ्याने ‘गैरहजर’ मालकांची, म्हणजे घालवून दिलेल्या पॅलेस्टिनींची, घरे-जमिनी सरकारकडे घेतली. ज्याचे पूर्वज नवगावला आले त्याला ‘परत’ येता आले, आणि ज्याच्या खिशात लुद्दच्या घराची किल्ली होती त्याला नाही. अनेक कुटुंबांनी त्या किल्ल्या छावण्यांत जपून ठेवल्या. गाझातल्या छावण्यांत तर त्यांची तिसरी-चौथी पिढी जन्मली, आणि त्या छावण्यांवरही बॉम्ब पडलेले जगाने पाहिले.

यात दोष द्यायचा तर तो ज्यांनी धोरण ठरवले, कायदे केले त्यांना द्यावा लागेल. छावणीत भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या पेणच्या बाईला कोणी विचारून हे केले नव्हते. पण तिच्या नातवंडांना आज तो प्रश्न टाळता येणार नाही: आपल्याला घर मिळाले तेव्हा कोणाचे गेले?

तिथे काय टिकले, इथे काय उरले

सात दशकांनंतर भारतीय वंशाचे ऐंशी हजारांहून अधिक ज्यू इस्राएलमध्ये आहेत. लग्नाआधी मेंदी लागते, मलिदा होतो, दिमोना आणि रामलामध्ये भारतीय मसाल्यांची दुकाने आहेत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे.

इकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्राएल आळीत प्रार्थनागृह उभे आहे, पण नमाजींची, त्यांच्या भाषेत ‘मिन्यान’ची, दहा माणसे जमवणे कठीण जाते. मुंबईत ज्यूंनी आपल्या मुलांसाठी उभारलेल्या शाळांत आज मोठ्या संख्येने मुस्लिम मुले शिकतात. शेजाऱ्याने लावलेल्या झाडाची फळे आपल्या लेकरांना मिळाली. त्याचे ऋण लक्षात असू द्यावे.

अन्सारांची आठवण

मक्केहून मदिनेला हिजरत झाली तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) यांना तिथली हवा मानवली नाही. ते तापाने फणफणले आणि मक्केची आठवण काढत राहिले. एवढ्या मोठ्या ईमानाच्या माणसांनाही जुने गाव सुटताना दुखले. मग आपल्या-तुपल्यासारख्यांचे काय?

तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ करून दिले. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पाहुण्याला मान राहिला आणि यजमानाला पुण्य मिळाले. आजीच्या आजीचा दाखला कोणी मागितला नाही.

कायदा विमानतळाचे दार उघडू शकतो. पुढचे दार शेजाऱ्याने उघडायचे असते, आणि ते बंद राहिले तर माणूस ‘मायदेशी’ही परका राहतो. कुवेत, दुबई, लंडनला लेकरे पाठवणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. जाण्याआधी भाषा, कागद, परवाना आणि परतीच्या तिकिटाचे पैसे यांची तयारी करावी. आणि आपल्या मोहल्ल्यात कोणी परक्या जिल्ह्यातून, परक्या राज्यातून राहायला आले तर पहिल्या दिवशी एक ताट त्यांच्या घरी पोचते करावे. नाव-गाव नंतर विचारता येते.

अल्लाह तआला प्रत्येक बेघराला त्याचे घर नसीब करो, आणि आपल्याला चांगला शेजारी होण्याची तौफिक देवो. आमीन.